यारी : लोखंडाची आणि माणसांची

मराठीत 'यारी' या शब्दाचे दोन अर्थ आहेत. पहिला सर्वांच्या ओठांवरचा : दोस्ती, जिवाभावाचे सख्य. दुसरा शब्दकोशांनी आणि शास्त्रीय ग्रंथांनी जपून ठेवलेला : जड ओझे उचलून एका जागेवरून दुसऱ्या जागी ठेवणारे यंत्र. या दुसऱ्या यारीला आपण सारे बोलताना 'क्रेन' म्हणतो. रेल्वेच्या कारखान्यातला कामगारही क्रेनच म्हणतो आणि त्यात गैर काही नाही. तथापि आज आम्ही जे सांगू इच्छितो, त्यासाठी जुना शब्दच आम्हांस अधिक जवळचा वाटतो. रुळांवरून धावणाऱ्या या अजस्र यंत्राचा इतिहास जसजसा उलगडत जातो, तसतसे त्याच्या दोन अर्थांमधील अंतर कमी होत जाते, असा आमचा अनुभव आहे.

आगगाडीच्या इंजिनाचे कौतुक मुलांपासून म्हाताऱ्यांपर्यंत सर्वांना असते. इंजिनांना नावे दिली जातात, त्यांची छायाचित्रे निघतात, निवृत्तीनंतर ती स्थानकाबाहेर चौथऱ्यावर रंगवून उभी केली जातात. रेल्वेच्या यारीच्या नशिबी हे भाग्य क्वचितच आले. ती दिसते ती दुर्दैवाच्या वेळी. डबे रुळांखाली घसरलेले, लोक हवालदिल झालेले, आणि दुरून मंदगतीने येणारी, मान खाली घालून बसलेल्या एखाद्या प्रचंड पक्ष्यासारखी ही आकृती. काम आटोपले की ती निघून जाते आणि आपल्या साईडिंगमध्ये महिनोन् महिने उभी राहते. अशा वेळी भेटलेल्याचा चेहरा कोण लक्षात ठेवतो?

आपल्या मुंबईत मात्र या यंत्राचे घर आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही चौतीस किलोमीटरची पहिली गाडी धावली, हे आपल्या मुलांना शाळेत शिकवले जाते. गाडी रुळांवरून घसरलीच तर ती पुन्हा रुळांवर कशी चढवावी, हा प्रश्नही त्याच दिवशी जन्माला आला असला पाहिजे, हे मात्र कोणी शिकवीत नाही. आरंभीच्या काळात त्याचे उत्तर साधे होते : लाकडी ठोकळे, स्क्रूचे जॅक, पहारी, कप्प्या, दोरखंड आणि पुष्कळशी माणसे. पुढे चार चाकांच्या गाड्यावर बसवलेल्या, हाताने दांडा फिरवून चालवायच्या लहान यारी आल्या. इंजिने आणि डबे जड होत गेले, घाटांतून मार्ग निघाले, १८६३ मध्ये बोरघाट आणि १८६५ मध्ये थळघाट वाहतुकीला खुला झाला, आणि हाताच्या यारीचे बळ अपुरे पडू लागले. मग तिच्या पाठीवर बॉयलर चढला.

जी.आय.पी. रेल्वेचा परळचा इंजिन कारखाना १८७९ मध्ये सुरू झाला. त्याच्या पश्चिमेस, रुळांपलीकडे, बी.बी. अँड सी.आय. रेल्वेचा लोअर परळचा कारखाना. गिरण्यांच्या धुराड्यांनी वेढलेल्या या टापूत रेल्वेच्या या दोन कारखान्यांनी हजारो घरांच्या चुली पेटत्या ठेवल्या. गिरणीत सूत निघे, येथे लोखंडाची शुश्रूषा होई. इंजिने आणि डबे यांच्याबरोबर ठराविक मुदतीने यारीही दुरुस्तीला येत. वाफेच्या यारींचे युग संपल्यावरदेखील १४० टनी डिझेल यारींच्या सर्वांगीण दुरुस्तीचे काम परळच्या कारखान्याने केले. म्हणजे देशात कुठेतरी संकटात धावून जाणारे हे यंत्र स्वतः थकले की आपल्या परळला येई.

वाफेची जुनी यारी कशी असे, ते थोडक्यात सांगितले पाहिजे. अनेक चाकांच्या भक्कम गाड्यावर एक मोठी चक्राकार बैठक असे. तिच्यावर सगळे वरचे अंग गोल फिरे. पुढच्या बाजूस लांब पोलादी बाहू, त्याच्या टोकाला तारदोर आणि आकडा. मागच्या बाजूस उभा बॉयलर, कोळसा, पाणी आणि शिवाय भरीव लोखंडाची वजने. मागचे हे ओझे निरुपयोगी भार नव्हे. पुढे उचललेल्या वजनाला तोल देण्यासाठीच ते असते. चालकापुढे तरफांची रांग असे : ओझे वर-खाली करण्याची, बाहू उभा-आडवा करण्याची, यंत्र गोल फिरवण्याची आणि रुळांवरून जागच्या जागी पुढे-मागे सरकण्याची. प्रवासात हा बाहू आडवा करून पुढच्या एका सपाट वाघिणीवर टेकवीत. त्यामुळेच ती मान खाली घातलेल्या पक्ष्यासारखी दिसे.

यारीवर '६५ टन' किंवा '१४० टन' असे लिहिलेले पाहून सामान्य माणसास वाटते की एवढे वजन ती कोठूनही उचलील. तसे नसते. भाजीवाल्याचा तराजू ज्याने पाहिला आहे त्याला हे कळायला जड नाही. भाराइतकेच अंतरालाही महत्त्व असते. यारीच्या मध्यापासून सहा मीटरवरचे वीस टन वजन आणि बारा मीटरवरचे दहा टन वजन तिला सारख्याच जोराने उलथू पाहते. यारी जितका लांब हात करील तितके तिचे बळ घटते. म्हणून ती अपघातग्रस्त डब्याच्या होईल तितकी निकट नेऊन उभी करावी लागते. दुरून मदत करण्याची सोय या यंत्रात नाही.

दुसरी अडचण रुळांची. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधील अंतर १६७६ मिलिमीटर, म्हणजे साडेपाच फूट. एवढ्या अरुंद पायावर उभे राहून बाजूला पडलेला चाळीस टनांचा डबा उचलायचा म्हणजे स्वतःच आडवे होण्याला निमंत्रण. यासाठी यारीच्या पोटातून दोन्ही बाजूंना आडव्या तुळया बाहेर काढतात आणि त्यांच्या टोकांखाली लाकडी सिलिपाटांचे थर रचून त्यांवर तिचा भार टेकवतात. हे थर रचण्याचे काम कुशलतेचे असते. खडी, चिखल, मुरूम, भराव, प्रत्येक ठिकाणची जमीन निराळी. वरून भक्कम दिसणारी जमीन भार पडताच बसू लागते. यारी उलटते ती बहुधा बळ कमी पडल्यामुळे नव्हे, पायाखालची जमीन खचल्यामुळे.

या यंत्राच्या इतिहासातील एक प्रकरण आपल्या वाचकांना विशेष चिंतनीय वाटेल. आपल्या देशातील जुन्या वाफेच्या यारी बहुतांशी इंग्लंडमध्ये बनलेल्या असत. कार्लाइल येथील कॉवन्स शेल्डन आणि इप्सविच येथील रॅन्सम्स अँड रेपियर ही त्यांतील दोन ठळक नावे. यारी जसजशी मोठी झाली तसतसा एक नवाच पेच उभा राहिला. जिच्यात उचलण्याचे बळ आहे ती स्वतःच इतकी जड की अपघाताच्या जागी जाताना वाटेतले पूल तिचा भार कसा सोसणार? रॅन्सम्स अँड रेपियरच्या विल्फ्रेड स्टोक्स या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या आरंभी यावर तोडगा काढला. यारीच्या दोन्ही टोकांना सुटी होणारी चाकगाडी जोडायची आणि प्रवासात भाराचा काही वाटा तिच्यावर सोपवायचा. मुक्कामी पोचल्यावर त्या गाड्या बाजूला काढायच्या आणि कामाला लागायचे. ओझे वाटून घेण्याची ही युक्ती इतकी यशस्वी झाली की जगभरच्या मोठ्या यारींनी ती स्वीकारली.

याच स्टोक्स यांनी १९१५ मध्ये, पहिल्या महायुद्धात, खंदकातून शत्रूवर बॉम्ब फेकणारी एक साधी, सुटसुटीत तोफ तयार केली. 'स्टोक्स मॉर्टर' या नावाने ती प्रसिद्ध झाली आणि तिच्याबद्दल त्यांना 'सर' हा किताब मिळाला. पडलेल्यांना उचलण्याची युक्ती ज्या बुद्धीला सुचली, तिलाच उभ्यांना पाडण्याचीही सुचली. आणि जगाने मान दिला तो दुसरीला! पुढे त्यांचे पुतणे रिचर्ड स्टोक्स हे त्याच कारखान्याचे अध्यक्ष झाले आणि इप्सविचमधून ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद. ते कॅथलिक होते. दुसऱ्या महायुद्धात शत्रूच्या शहरांवर सरसकट बॉम्बवर्षाव करून स्त्रिया-मुलांसह वस्त्या उद्ध्वस्त करणे अनीतीचे आहे, हे सांगणाऱ्या मोजक्या सभासदांत त्यांची गणना होते. मार्च १९४५ मध्ये, ड्रेस्डेन बेचिराख झाल्यानंतर थोड्याच दिवसांत, विजयाच्या उन्मादाच्या काळात त्यांनी पार्लमेंटात तो प्रश्न विचारला. एकाच घराण्यातील या दोन पुरुषांचा विचार करताना आम्हांस वाटते की यंत्राला स्वतःचा धर्म नसतो. तो ते हाताळणाऱ्या माणसाला पुरवावा लागतो.

आणि म्हणून आता माणसांकडे वळू.

रेल्वेत यारीवर राबणाऱ्या कामगाराला पूर्वापार 'खलाशी' म्हणत. हा शब्द दर्यावरचा. दोर, कप्पी, गाठ आणि तोल यांचे शास्त्र ज्याच्या बोटांत भिनलेले आहे असा माणूस समुद्रावरच मिळे. किनाऱ्यावर रेल्वे आली तेव्हा ते शास्त्र तिला हवे होते, आणि शास्त्राबरोबर त्याचे नावही जमिनीवर आले. कोळी, आगरी, घाटावरचे कुणबी, कोकणातले चाकरमानी, गोव्याहून आणि मंगळुरूहून आलेले ख्रिस्ती, उत्तरेतले भय्ये, मुसलमान मिस्त्री, अँग्लो-इंडियन फोरमन, अशी सगळी मुंबई या कारखान्यांत एका पाळीला कामावर येई. आपल्या समाजाच्या इतिहासाशीही रेल्वेचा संबंध आहे. रेल्वेतील आणि कंपन्यांतील नोकऱ्यांसाठी बाहेरून ख्रिस्ती बांधव मुंबईत येऊ लागले, तेव्हा येथील मूळच्या ख्रिस्ती लोकांनी आपली वेगळी ओळख राहावी म्हणून १८८७ मध्ये 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. अर्जात निरनिराळी नावे लिहिणारे हे लोक यारीच्या दोरावर मात्र एकाच वेळी जोर लावीत.

आमचे थोरले मामा अशा एका मदतगाडीवर खलाशी होते. अपघातस्थळी जाणाऱ्या गाडीस रेल्वेच्या भाषेत 'अपघात मदत गाडी' म्हणतात. तिच्यात यारी, अवजारांची वाघीण, कामगारांचा डबा आणि स्वयंपाकाची सोय असते. जखमींसाठी वैद्यकीय मदतगाडी निराळी. मध्य रेल्वेवर कुर्ला आणि कल्याण येथे अशा मदतगाड्या असतात. रेल्वेचे नियम याबाबत कडक आहेत. साईडिंगला दोन्ही बाजूंनी वाट असेल तर आदेश मिळाल्यापासून वैद्यकीय गाडी पंधरा मिनिटांत आणि मदतगाडी दिवसा तीस, रात्री पंचेचाळीस मिनिटांत निघालीच पाहिजे. वाफेच्या काळात हे किती कठीण असेल याची कल्पना करावी. थंड बॉयलरमध्ये वाफ धरायला तास लागतात, तेव्हा संकट येवो न येवो, कोणीतरी ती आग जागती ठेवलीच पाहिजे.

कामगारांना बोलावण्यासाठी भोंगा असे आणि त्या भोंग्याला व्याकरण होते. दोन दीर्घ सूर म्हणजे अपघात यार्डातच, जवळपास. तीन दीर्घ म्हणजे बाहेरगावी, परंतु मुख्य मार्ग मोकळा. तीन दीर्घ आणि एक ऱ्हस्व म्हणजे मार्ग बंद. चार दीर्घ म्हणजे वैद्यकीय गाडीही हवी. चार दीर्घ आणि एक ऱ्हस्व म्हणजे माणसे जखमी आहेत आणि मार्गही बंद आहे. केवळ एक दीर्घ सूर आला तर सारे रद्द, घरी परता. रेल्वेच्या चाळीतल्या बायकांना ही बाराखडी तोंडपाठ असे. गिरण्यांचे भोंगे रोजचे होते, त्यांनी घड्याळ लावावे. हा भोंगा मात्र मोजावा लागे. आमची मामी हातातले काम थांबवून बोटांवर सूर मोजी. संध्याकाळची जपमाळ चालू असली तर तिच्या मण्यावर बोट तसेच थबके. चौथ्या दीर्घ सुरानंतर ती काही न बोलता मामांचा डबा भरायला उठे. ज्यांच्यापर्यंत आवाज पोचत नसे त्यांच्या दारावर कॉलबॉय वही घेऊन येई आणि झोपेतल्या माणसाची सही घेऊन जाई.

मामा दोन-दोन दिवसांनी परतत. आम्ही मुले त्यांच्याभोवती गोळा होऊन 'इंजिन केवढे होते, डबे किती पडले' असे विचारीत असू. ते हातपाय धुऊन जेवायला बसत आणि एखादेच वाक्य बोलत. "जमीन नरम होती," एवढेच पुष्कळदा ते सांगत. लहानपणी हे उत्तर आम्हांस निराशाजनक वाटे. सिलिपाटांचे थर आणि खचणारा भराव यांविषयी वाचल्यावर कळले की त्या तीन शब्दांत त्यांनी रात्रभराची सगळी कथा सांगितलेली असे.

दुसरी एक गोष्ट त्यांनी निवृत्तीनंतर सांगितली. यारीचा चालक उंच बसलेला असतो. आकड्याखाली नेमके काय आहे हे त्याला दिसतेच असे नाही. म्हणून जमिनीवर एक माणूस उभा राहून हातांच्या खुणा करतो : वर घे, खाली सोड, फिरव, सावकाश. चालकाने त्या एकाच माणसाच्या खुणा पाळायच्या. साहेब कितीही मोठा असो, त्याने मधून ओरडून सांगितले तरी यंत्र हलवायचे नाही. परंतु या नियमाला एक अपवाद असतो. 'थांब' ही खूण मात्र कोणीही करू शकतो. कालच कामावर आलेला पोरगा असो वा पाणी आणून देणारा, त्याने हात वर केला की यंत्र थांबलेच पाहिजे. आधी थांबायचे, कारण मागाहून विचारायचे. जगात सर्वत्र यारीचे काम याच रीतीने चालते. आज्ञा देण्याचा अधिकार एकाला आणि अनर्थ टाळण्याचा अधिकार सर्वांना, अशी ही व्यवस्था आहे. आमच्या घरांत, संस्थांत, धर्मग्रामाच्या समित्यांत ती कितपत आढळते, हे प्रत्येकाने आपल्यापुरते पाहावे.

या 'थांब'चे मोल अपघाताच्या जागी कळते. तेथे यारीपुढे दोन कर्तव्ये एकाच वेळी उभी असतात. एक डब्यात अडकलेल्या माणसांविषयीचे, दुसरे खोळंबलेल्या मार्गाविषयीचे. मुंबईत एक मार्ग तासभर बंद पडला तर लाखो लोकांचा जीव टांगणीला लागतो. वरून विचारणा सुरू होते, 'लाइन केव्हा मोकळी होणार?' उलट डबा घाईने उचलला तर त्याखाली दबलेला, अजून श्वास घेणारा कोणी चिरडला जाऊ शकतो. म्हणून आधी माणसे काढायची, गॅसने पत्रा कापायचा, आत हाका मारायच्या, कान देऊन ऐकायचे आणि मगच आकडा लावायचा. मामा सांगत की अशा वेळी आकडा लावायला तयार असलेले सगळे लोक स्तब्ध उभे राहून ऐकत असतात. एवढे मोठे यंत्र वाफेवर तयार, आणि चाललेले काम कोणते, तर कान देण्याचे. जे गेले त्यांच्यावर प्रथम चादर घालायची हा नियम कोणत्या पुस्तकात आहे ते आम्हांस ठाऊक नाही. मामांच्या टोळीत तो होता.

कोकण रेल्वेने प्रवास करणाऱ्या आपल्या वाचकांना २२ जून २००३ ची रात्र आठवत असेल. वैभववाडीजवळ दरड कोसळलेल्या जागी सुट्टीची विशेष गाडी आदळली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्यू पावले. एकेरी मार्ग, दोन्ही बाजूंनी डोंगर कापलेला, वर पाऊस. अशा जागी यारीला फक्त दोन टोकांकडूनच वाट असते आणि मधले काम माणसांच्या हातांवर येते. त्याआधी ८ जुलै १९८८ रोजी केरळात पेरुमण येथे गाडीचे डबे अष्टमुडी सरोवरात पडून १०५ माणसे दगावली. बुडालेले डबे वर काढताना मोठ्या यंत्रांबरोबर मलबारच्या मोपला खलाशांना बोलवावे लागले, ही गोष्ट तेथे अजूनही सांगितली जाते. दोर, कप्पी आणि एका लयीत लावलेला जोर, हे शास्त्र दर्यावरून जमिनीवर आले होते. त्या दिवशी ते पुन्हा पाण्यात उतरले.

मुंबईत यारीच्या कामाला आणखी एक बंधन पडले ते विजेचे. ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला या हार्बर मार्गावर देशातील पहिली विजेची गाडी धावली आणि रुळांवर तारांचे जाळे आले. ज्या यंत्राचे सारे सामर्थ्य हात उंचावण्यात, त्याच्या डोक्यावर छत पडले. तेव्हापासून यारी काम करायची म्हणजे आधी वीज बंद करायची, तारा बाजूला सारायच्या, काम आटोपल्यावर त्या पुन्हा जागी आणायच्या. दादर-परळ भागात हे करण्यास वेळ मिळतो तो शेवटची लोकल गेल्यावर आणि पहिली लोकल येण्यापूर्वी. दिवसभर गर्दीने फुललेल्या दादरच्या फलाटांवरून जाणाऱ्यास कल्पनाही नसते की त्या रुळांवर रात्रीच्या दोन-तीन तासांत किती ओझी उचलली आणि ठेवली गेली आहेत.

वाफेची यारी हळूहळू मागे पडली. बिहारमधील जमालपूरच्या रेल्वे कारखान्याने, जो १८६२ मध्ये स्थापन झाला, जर्मन गॉटवाल्ड कंपनीच्या तंत्रज्ञानाने १४० टनी डिझेल यारी देशातच बनवल्या. याची गरज होतीच. आजचे मालगाडीचे 'डब्ल्यूएजी-९' विद्युत इंजिन एकटेच १२३ टन भरते. १९९५ मध्ये ब्रॉडगेजवरील नियमित वाफेची इंजिने थांबली. काही वाफेच्या यारी त्यानंतरही काही वर्षे आपापल्या साईडिंगमध्ये तग धरून होत्या. घरातले सारे वारल्यावर मागे राहिलेल्या एखाद्या म्हाताऱ्या आत्यासारख्या! आता लहानसहान घसरणीला यारी लागतच नाही. हायड्रॉलिक जॅकची संचसामग्री घेऊन काही माणसे डबा सरकवून रुळांवर चढवतात. शहरातले पूल पाडण्या-उभारण्याच्या कामी शेकडो टनी रस्त्यावरच्या क्रेन येतात. नोव्हेंबर २०२२ मध्ये मशीद बंदरजवळचा दीडशे वर्षांचा कर्नाक पूल काढण्यासाठी सत्तावीस तास गाड्या थांबवल्या गेल्या, तेव्हा रस्त्यावरच्याच क्रेनांनी ते काम केले. परळ-प्रभादेवीचा एल्फिन्स्टन पूलही सप्टेंबर २०२५ मध्ये पाडण्यासाठी बंद झाला.

यात हळहळण्यासारखे काय आहे, असे कोणी विचारील. नवे यंत्र जुन्यापेक्षा सुरक्षित आहे, जलद आहे, त्याला रात्रंदिवस कोळसा घालावा लागत नाही. हे सर्व खरे आहे आणि आमच्या मामांनीच ते प्रथम मान्य केले असते. बॉयलरपाशी उभे राहून ज्याची पाठ भाजली आहे, तो धुराच्या आठवणीने गहिवरत नाही. जुनी यारी भंगारात गेली याचे आम्हांस फार दुःख नाही. लोखंड वितळते आणि पुन्हा लोखंड होते. आमची तक्रार निराळी आहे. त्या लोखंडाबरोबर जे ज्ञान होते ते वितळून कशाचे काय झाले, हे कोणीच विचारले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पाहता पाहता गिरणगावाचे भोंगे मुके झाले. गिरणी कामगारांवर निदान नाटके झाली, कादंबऱ्या निघाल्या, पुस्तके लिहिली गेली. त्याच परळ-लालबागच्या चाळींत राहणाऱ्या, त्याच नळावर पाणी भरणाऱ्या रेल्वे कामगाराविषयी त्या मानाने फारच थोडे लिहिले गेले. त्याची नोकरी टिकली, म्हणून त्याची कथा झाली नाही. आणि त्यातही यारीवरच्या खलाशाची तर नाहीच नाही. परळच्या कारखान्याच्या जागेवर रेल्वे टर्मिनस उभारण्याची योजना मागे पुढे आली, तेव्हा कामगारांनी विरोध केला. उद्या तेथे काय उभे राहील ते राहो. परंतु जमीन नरम आहे की कठीण हे पायाच्या अंगठ्याने ओळखणारा माणूस कोणत्याही टर्मिनसच्या आराखड्यात बसत नाही.

आपल्या धर्मग्रामांच्या जुन्या बाप्तिस्मा-नोंदवह्या चाळताना वडिलांच्या नावापुढे व्यवसायाचा रकाना आमच्या पाहण्यात आला. कित्येक घरांपुढे तेथे एकच शब्द आहे : 'रेल्वे'. तो वाचून पुढे जावे तर मन अडखळते. रेल्वे म्हणजे काय? इंजिन हाकणारा, तिकीट देणारा, की मध्यरात्री भोंगा मोजत उठणारा? लिहिणाऱ्या धर्मगुरूंना तेवढा शब्द पुरेसा होता, कारण तो माणूस पुढच्याच बाकावर बसलेला होता. आज तो बाक रिकामा आहे आणि शब्द तेवढा उरला आहे.

म्हणून वाचकांपाशी आमचे मागणे लहानसे आहे. यारीचे स्मारक उभारा असे आम्ही म्हणत नाही. परळ, दादर, भायखळा, माटुंगा, कुर्ला येथील आपल्या अनेक कुटुंबांत रेल्वेच्या कारखान्यांतून आणि मदतगाड्यांवरून निवृत्त झालेली वडीलधारी माणसे आजही आहेत. त्यांना एखाद्या रविवारी मिस्सानंतर घरी गाठावे. अपघात किती मोठा होता हे विचारू नये, त्याचे उत्तर मिळणार नाही. सिलिपाटांचे थर कसे रचायचे, तारदोर केव्हा टाकून द्यायचा, कोणत्या खुणेचा अर्थ काय, रात्री डब्यात कोण काय शिजवी, असे साधे प्रश्न विचारावेत आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवावे. हातांच्या खुणा शब्दांत मावत नाहीत, तेव्हा नातवंडांनी त्या करून पाहाव्यात आणि त्यांची चित्रे काढावीत. चार वह्या जमल्या तरी परळच्या एका पिढीचे ज्ञान भंगारातून वाचेल.

आमच्या मामांकडून आम्ही हे वेळीच लिहून घेतले, म्हणून एवढा तरी लेख झाला. त्यांच्या खुणांची पाच चित्रे आमच्या वहीत आहेत. त्यांतील चार खुणा चालकाला काय करावे ते सांगतात. पाचवी, उंच धरलेल्या उघड्या तळव्याची, तेवढी सर्वांसाठी आहे.